अहिराणी गाणी टिपण्याआधी रेकॉर्डिंग डिव्हाइस तपासा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : संगणकावरील ध्वनिमुद्रणात मायक्रोफोनच्या चुकीच्या निवडीमुळे होणारे नुकसान

महोदय,

घरातील वृद्ध स्त्रियांना येणारी आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) व आमच्या खान्देशातल्या कानबाई देवीची गाणी आणि जात्यावरच्या ओव्या वेळीच ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात, असे आवाहन आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचले. ते अगदी योग्य वेळी आले आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880 ते 1951) यांची गाणी आज आपल्यापाशी आहेत, कारण घरातल्यांनी ती ऐकून लिहून ठेवली आणि त्यांच्या पश्चात 1952 मध्ये ती छापली गेली. परंतु लिहिल्याने शब्द राहतात; ओवी कोठे लांबवायची, कोठे श्वास घ्यायचा आणि मागच्या बायांनी ती कोठे उचलून धरायची, हे कागदावर उतरत नाही. त्यासाठी आवाजच हवा. मात्र आपल्या लेखात मायक्रोफोन कोणता घ्यावा हे सांगितले आहे, तो संगणकातल्या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये निवडावा कसा आणि निवडला गेला आहे याची खात्री कशी करावी, याबद्दल काहीच नाही. माझ्या अनुभवात बहुतेक ध्वनिमुद्रणे नेमकी तेथेच वाया जातात, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गेल्या वर्षीच्या आखाजीला माझी आत्या, आमच्या अहिराणी बोलीत फुई, माहेरी आली होती. तिचे वय तेव्हा 84 होते आणि गौराईची गाणी तिला जेवढी येत तेवढी आमच्या भावकीत दुसऱ्या कोणालाही येत नव्हती. मी मुद्दाम यूएसबीचा मायक्रोफोन विकत आणला, स्टँडवर बसवून तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवला, ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर उघडून लाल बटण दाबले आणि पडद्यावर रेषा हलते आहे असे पाहून निर्धास्त झालो. फुई पाऊण तास गायली. मधे एकदा पाणी प्यायली, एकदा एक कडवे चुकले म्हणून पुन्हा पहिल्यापासून म्हणाली. नंतर हेडफोन लावून ऐकले तेव्हा शेजारच्या खोलीतल्या कुलरची घरघर स्पष्ट होती आणि तिच्या पलीकडे, विहिरीतून यावा तसा, फुईचा आवाज होता. तिनेही ऐकले आणि विचारले, ‘‘भाऊ, यामा मन्हा आवाज कोठे शे?’’

तालुक्याच्या दुकानात मायक्रोफोन दाखवला. तो खराब आहे असे सांगून त्यांनी दुसरा, अधिक किमतीचा दिला. घरी आणून पाहिला तर पुन्हा तीच घरघर. दिवाळीपर्यंत फुई अंथरुणाला खिळली होती आणि मार्गशीर्षात ती गेली. दोष मायक्रोफोनचा नव्हता हे मला कळले तेव्हा पौष लागला होता.

कळले ते असे. नवा मायक्रोफोन टेबलावर ठेवून मी रेकॉर्डिंग सुरू केले आणि त्याच्या जाळीवर नखाने टकटक केले. सॉफ्टवेअरच्या वरच्या बाजूची आवाजाची पट्टी जागची हलली नाही. मग मॉनिटरच्या डोक्यावर बसवलेल्या वेबकॅमेऱ्यावर नख मारले आणि ती पट्टी एका उडीत लाल टोकाला जाऊन भिडली. म्हणजे सॉफ्टवेअर ऐकत होते ते वेबकॅमेऱ्यातल्या मायक्रोफोनमधून. दोनदा पैसे मोजून आणलेला मायक्रोफोन समोर नुसता उभा होता. नखाची ही चाचणी करायला पाच सेकंद लागतात. गाणारी व्यक्ती समोर बसण्यापूर्वी ती प्रत्येकाने करावी, एवढी एकच गोष्ट आपल्या वाचकांनी या पत्रातून घेतली तरी मला पुरे आहे.

असे का होते, हेही समजून घेतले पाहिजे, नाहीतर ते पुन्हा पुन्हा घडते. आजच्या डेस्कटॉप संगणकाला आवाज आत घेण्याचे तीन-चार मार्ग एकाच वेळी असतात : वेबकॅमेऱ्यातला मायक्रोफोन, डब्याच्या पुढची आणि मागची छिद्रे, यूएसबीचा मायक्रोफोन, कोठे ब्लूटूथचा हेडफोन. विंडोज त्यांतल्या एकाला आपल्या मताने मुख्य ठरवते. ऑडॅसिटीच्या यादीत ‘मायक्रोसॉफ्ट साऊंड मॅपर’ असे एक नाव दिसते. ते कोणत्याही मायक्रोफोनचे नाव नाही, विंडोजने त्या दिवशी ज्याला मुख्य मानले असेल तोच घ्यावा, एवढाच त्याचा अर्थ. माझ्या संगणकावर तेच निवडलेले होते आणि विंडोजच्या लेखी वेबकॅमेरा मुख्य होता. म्हणून यादीतून मॅपर कधीही घेऊ नये, आपल्या मायक्रोफोनचे स्वतःचे नाव शोधून तेच निवडावे. ऑडॅसिटीच्या 3.2 आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत ही यादी ‘ऑडिओ सेटअप’ या बटणाखाली ‘रेकॉर्डिंग डिव्हाइस’ येथे मिळते. शाळांतल्या जुन्या संगणकांवर जुनी आवृत्ती असेल तर यादी वरच्या पट्टीतच मायक्रोफोनच्या चित्राशेजारी उघडी दिसते.

दुसरी अडचण अशी की ऑडॅसिटी ही यादी उघडतानाच एकदा तयार करते. सॉफ्टवेअर आधी उघडले आणि मायक्रोफोन मागाहून जोडला, तर त्याचे नाव यादीत येतच नाही आणि माणूस समजतो की संगणकाने मायक्रोफोन ओळखला नाही. अशा वेळी ‘रिस्कॅन ऑडिओ डिव्हाइसेस’ हा पर्याय वापरावा, किंवा सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडावे. मायक्रोफोन दरवेळी यूएसबीच्या एकाच छिद्रात लावण्याची सवयही चांगली, कारण छिद्र बदलले की विंडोज पुष्कळदा त्याच मायक्रोफोनला नवीन वस्तू समजते, नावाआधी 2 हा आकडा लावते आणि आपण काल केलेली निवड आज लागू राहत नाही.

यादीच्या अलीकडे ‘होस्ट’ नावाचा एक पर्याय असतो आणि त्याकडे कोणीच पाहत नाही. विंडोजवर त्यात एमएमई, डायरेक्टसाऊंड आणि वासापी ही तीन नावे दिसतात. आवाज मायक्रोफोनपासून सॉफ्टवेअरपर्यंत कोणत्या वाटेने आणायचा, ते येथे ठरते. एमएमई ही वाट 1991 सालची, म्हणजे विंडोज 3.0 च्या काळातली आहे आणि जवळजवळ कोणत्याही संगणकावर चालते, त्यामुळे सुरुवात तिच्यापासून करायला हरकत नाही. मात्र ती उपकरणांची नावे 31 अक्षरांवर तोडते. दोन मायक्रोफोनांच्या नावांची सुरुवात सारखी असेल तर यादीत दोन्ही सारखेच दिसतात आणि कोणता कुठला हे कळत नाही. अशा वेळी होस्ट बदलून डायरेक्टसाऊंड किंवा वासापी घेतला की पूर्ण नाव दिसते. वासापीच्या यादीत नावापुढे ‘लूपबॅक’ असा शब्द असलेले पर्यायही असतात. ते मायक्रोफोन नव्हेत, संगणकावर जे वाजत असेल ते टिपण्यासाठी आहेत. तो पर्याय निवडून कोणी गायला बसले तर लाल बटण दाबूनही रेषा पुढे सरकत नाही, कारण संगणकावर काहीच वाजत नसते.

वासापीबरोबर आणखी एक काळजी घ्यावी लागते. एका सेकंदात आवाजाचे किती नमुने घ्यायचे, याचा आकडा सॉफ्टवेअरमध्ये एक आणि विंडोजमध्ये दुसरा असेल, तर -9997 या क्रमांकाची चूक दाखवून रेकॉर्डिंग सुरूच होत नाही. 44,100 हा आकडा 1982 मध्ये बाजारात आलेल्या सीडीचा, आणि 48,000 हा आकडा चित्रफितींच्या कामात रुळलेला. माणसाचा कान साधारण 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि त्याच्या दुपटीहून थोडे अधिक नमुने पुरतात, त्यामुळे ओव्यांसाठी दोन्हींपैकी कोणताही आकडा चालेल. तो दोन्ही ठिकाणी सारखा मात्र हवा. विंडोजमधला आकडा साऊंडच्या जुन्या खिडकीत ‘रेकॉर्डिंग’ या पानावर मायक्रोफोन निवडून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘ॲडव्हान्स्ड’खाली दिसतो.

सर्वांत जास्त लोक अडतात ते परवानगीपाशी. 2018 च्या एप्रिलमधील विंडोज 10 च्या आवृत्तीपासून मायक्रोफोनच्या खासगीपणाचे नियम ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरलाही लागू झाले. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी’खाली ‘मायक्रोफोन’ हे पान उघडावे. तेथे ‘डेस्कटॉप ॲप्स’ना मायक्रोफोन वापरू देण्याचे बटण सगळ्यांत खाली असते आणि ते बंद असेल तर मायक्रोफोन चांगला, तार चांगली, निवडही बरोबर, तरीही सॉफ्टवेअर ‘रेकॉर्डिंग डिव्हाइस उघडता आले नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश दाखवते. त्यासोबत पुष्कळदा -9999 हा क्रमांक येतो. माझ्याकडे असे संगणक घेऊन येणाऱ्यांत बहुतेकांनी त्याआधी विंडोज नव्याने टाकून घेतलेले असते, आणि त्यात एकाच्या आईच्या ओव्यांची फाइल पुसली गेली. इंग्रजी संदेश वाचून घाबरण्याऐवजी कोणी त्याला हे एक पान उघडून दाखवले असते तर ती ओवी आज त्याच्या घरात असती.

आता जी गोष्ट सांगतो ती केवळ गाण्याच्या ध्वनिमुद्रणाशी संबंधित आहे आणि बोलण्याच्या ध्वनिमुद्रणात लक्षातही येत नाही. विंडोज आणि साऊंड कार्डचा ड्रायव्हर आवाज ‘सुधारण्यासाठी’ काही सोयी आपल्याआप सुरू ठेवतात. त्या मुख्यतः बैठकांमधल्या बोलण्यासाठी केलेल्या आहेत : सतत एकसारखा येणारा आवाज म्हणजे पंख्याचा गोंगाट असे समजून तो दाबायचा आणि तुटक येणारे बोलणे वर उचलायचे. आमच्या बाया आखाजीच्या झोक्यावर गाणे म्हणतात तेव्हा ओळीच्या शेवटचा स्वर लांबवतात. यंत्राच्या हिशेबी तो लांबलेला स्वर गोंगाटच ठरतो आणि ऐकताना ओळीचा शेवट हळूहळू बुडत गेल्यासारखा येतो. मागे बसलेल्या बायांचा झेला, म्हणजे त्यांनी उचलून धरलेली ओळ, तर पुष्कळदा पार गळून पडतो. मी प्रथम हे ऐकले तेव्हा म्हाताऱ्या बाईचा दम पुरत नसेल असे वाटले होते. प्रत्यक्षात समोर बसून ऐकताना तिचा दम उत्तम होता. मायक्रोफोनच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘एन्हान्समेंट्स’ या नावाखाली जे काही असेल ते सगळे बंद करावे. गोंगाट कमी करायचाच असेल तर पंखा बंद करावा, खिडकी लावावी, आणि उरलेले काम मूळ फाइलची प्रत काढून त्या प्रतीवर करावे.

घरोघरी कॅसेट आहेत, त्यांचाही विचार व्हावा. लग्नातली गाणी, भजनी मंडळांचे कार्यक्रम, परगावच्या लेकीला कॅसेटवर बोलून पाठवलेला निरोप, हे सगळे पत्र्याच्या पेट्यांत पडून आहे आणि खान्देशातल्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या छपराखाली, त्या फितींचे काय होते ते वेगळे सांगायला नको. कॅसेट संगणकावर उतरवताना टेपची तार गुलाबी छिद्रात लावण्याची चूक हमखास होते. गुलाबी छिद्र मायक्रोफोनच्या अगदी क्षीण आवाजासाठी असते आणि तो आवाज ते आत घेताना वाढवते. टेपचा आवाज आधीच मोठा, तो आणखी वाढून फाटतो. टेपसाठी मागच्या बाजूचे निळे छिद्र वापरावे आणि रेकॉर्डिंग डिव्हाइसच्या यादीतही ‘लाइन इन’ निवडावे. ते यादीत दिसत नसेल तर विंडोजच्या ‘रेकॉर्डिंग’ पानावर रिकाम्या जागी उजवे बटण दाबून बंद केलेली उपकरणे दाखवायला सांगावे, तेथे ते झोपलेले सापडते. आवाजाची पट्टी गाणे सर्वांत मोठे होते तेव्हा उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान असावी. शून्याला टेकलेला आवाज कापला जातो आणि कापलेला आवाज पूर्ववत होत नाही. हळू झालेला मागाहून वाढवता येतो.

ध्वनिमुद्रण झाले पण ऐकू काहीच येत नाही, अशीही तक्रार येते. एका मुलीने आजीची तीन ध्वनिमुद्रणे ‘कोरी आली’ म्हणून पुसून टाकली. ती कोरी नव्हती. पडद्यावर लाटा उमटल्या होत्या, तिने स्वतः तसे सांगितले. तिचा मॉनिटर एचडीएमआय तारेने जोडलेला होता, ती तार लावताच विंडोजने आवाज मॉनिटरकडे वळवला होता आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नव्हते. ‘प्लेबॅक डिव्हाइस’, म्हणजे आवाज ज्यातून ऐकवायचा ते उपकरण, बदलले की तिन्ही गाणी ऐकू आली असती. पडद्यावर लाट दिसत असेल तर फाइलमध्ये आवाज आहे असे समजावे आणि ऐकू येईपर्यंत काहीही पुसू नये.

रेकॉर्डिंग करताना आपलाच आवाज प्रतिध्वनीसारखा परत येत असेल किंवा स्पीकर शिटी मारत असेल, तर ‘सॉफ्टवेअर प्लेथ्रू’, म्हणजे टिपला जाणारा आवाज त्याच वेळी ऐकवण्याची सोय, बंद करावे. यूएसबीचा मायक्रोफोन बहुधा एकाच चॅनेलचा असतो, तेव्हा चॅनेल एकच निवडावे. एक चॅनेल, 16 बिट आणि 44,100 नमुने या हिशेबाने तासाभराची वॅव्ह फाइल सुमारे 318 एमबीची होते, म्हणजे साध्या पेनड्राइव्हमध्येही पुष्कळ तास मावतात; जागा वाचवण्यासाठी मूळ फाइल एमपीथ्री करून ठेवण्याचे कारण नाही.

मोबाईलवर हे सगळे लागत नाही, मग संगणकाचा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. मोबाईल जवळ असेल तर त्यावर जरूर टिपावे. पण कॅसेट उतरवायला संगणकच लागतो, चांगला मायक्रोफोन संगणकालाच सहज जोडता येतो, आणि गावोगावच्या शाळांत व वाचनालयांत संगणक आधीच आहेत. ऑडॅसिटीला पैसे पडत नाहीत. डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात ते सुरू केले आणि 2000 सालापासून ते सर्वांना मोफत मिळते. वस्तू सगळ्या आपल्यापाशी आहेत, कोणत्या यादीत काय निवडायचे एवढेच आपल्या भाषेत सांगणारे कोणी नाही.

म्हणून आपणास विनंती आहे की श्रावणात कानबाईचे रोट होण्यापूर्वीच्या एखाद्या रविवारी पुरवणीचे अर्धे पान या कामाला द्यावे आणि त्यात पडद्याची चित्रे छापून होस्ट, रेकॉर्डिंग डिव्हाइस आणि मायक्रोफोनची परवानगी ही तीन ठिकाणे बाण काढून दाखवावीत. शब्दांनी मी येथे जे पानभर सांगितले ते चित्राने चार ओळींत समजेल. मायक्रोफोन विकणाऱ्या दुकानदारांनी तो गिऱ्हाइकासमोर संगणकाला जोडून, दहा सेकंद बोलून, ते परत ऐकवून मगच बिल करावे, असेही आपण सुचवावे. ‘खराब आहे, दुसरा घ्या’ हे सांगण्याआधी नखाची चाचणी करणे त्यांनाही अवघड नाही. माझ्या गावात कोणाला अडचण असेल तर मी त्यांच्या घरी जाऊन निवड करून देतोच. गेल्या महिन्यात दोन घरी गेलो, त्यांपैकी एका घरी यादीत वेबकॅमेराच निवडलेला होता आणि आजी लुगड्याचा पदर सावरून गायला बसलेली होती. पाच मिनिटे थांबायला सांगून ती निवड बदलली, नख वाजवून पाहिले आणि मग तिला सुरू करायला सांगितले.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ता. अमळनेर, जि. जळगाव